मध्ययुगीन युरोपीय चिलखत आणि पोशाख: रीएनॅक्टमेंट करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीएनॅक्टमेंट म्हणजे जुन्या काळचा पोशाख आणि साज अंगावर चढवून तो काळ पुन्हा उभा करणे. ही उत्तरे साधारण १२५० ते १४५० या काळातील पश्चिम युरोपाबद्दल आहेत. मापे मेट्रिक आहेत. कापडाची मापे मध्यम बांध्याच्या माणसासाठी आणि १५० सेंमी पन्ह्यासाठी धरली आहेत.

सुरुवात कशापासून करावी?

सदऱ्यापासून. जो तो आधी शिरस्त्राण घेतो आणि मग ते वर्षभर कपाटावर धूळ खात पडते, कारण त्याखाली घालायला काहीच नसते. चिलखत अंगावर नव्हे, कपड्यांवर टांगलेले असते. पायांचे पत्रे आतल्या तंग बंडीला बांधलेले असतात, बंडीचे माप सदऱ्यावरून घेतात, शिरस्त्राणाचे माप आतल्या जाड टोपीवरून. आतला एक थर बदलला की बाहेरची सगळी मापे चुकतात.

म्हणून क्रम असा: सदरा आणि ब्रे (नाडीची सैल लिननची चड्डी), होज (लोकरीचे पायघोळ मोजे), जोडे, लोकरीचा झगा आणि हूड, टाचलेला जाड अंगरखा आणि सगळ्यात शेवटी धातू. झगा आणि हूडपर्यंत तयारी झाली की चिलखत नसलेला माणूसही छावणीत शोभून दिसतो. नुसते चिलखत असलेला शोभत नाही.

साल आणि ठिकाण एवढे काटेकोर ठरवायची काय गरज? मध्ययुग ते मध्ययुगच ना?

मध्ययुग हजार वर्षांचे आहे. १२५०चा सरदार नखशिखांत कड्यांच्या चिलखतात असतो, वर सैल सरकोट (चिलखतावरचा कापडी झगा) आणि डोक्यावर डब्यासारखे मोठे हेल्म. १३६०चा सरदार कमरेत आवळलेला आणि छाती फुगवलेला दिसतो. त्याच्या टोकदार बॅसिनेटखाली (हा शिरस्त्राणाचा एक प्रकार) कड्यांची झालर असते आणि हातमोजे वाळूच्या घड्याळाच्या आकाराचे. १४५०पर्यंत तो जवळजवळ पूर्ण पत्र्यात गेलेला असतो. या तिघांचे भाग एकत्र केले तर जो उभा राहतो, तसा माणूस कधीच जन्मला नाही.

एक माणूस ठरवा: कोणत्या प्रांतातला, कोणत्या दशकातला, कोणत्या ऐपतीचा. १३६० ठरले तर १३४० ते १३६५ एवढ्यातच वस्तू शोधा. जुनी वस्तू वारशाने आलेली असू शकते, पण वीस वर्षांनी निघणारी फॅशन आज अंगावर कशी येईल? ऐपतीबाबत आमचा सल्ला असा की एक पायरी खालीच राहा. साध्या धनुर्धाऱ्याचा पोशाख अस्सल करणे जमते. उमरावाच्या अंगावर खोटे रेशीम चढवले की लांबूनच कळते.

अस्सल नमुने कुठे पाहायला मिळतात?

कपड्यांसाठी सर्वांत मोठा ठेवा ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेस इथल्या दफनभूमीत मिळाला. १९२१ मध्ये तिथे उत्खनन झाले आणि लोकरीचे झगे, हूड, मोजे हाती आले. त्यांवरून कळ्या कुठे घातल्या आणि शिवणी कशा मोडल्या हे मोजून पाहता येते. स्वीडनमध्ये १९३६ साली दलदलीत सापडलेल्या बॉक्स्टेन माणसाच्या अंगावर १४व्या शतकातला जवळजवळ पूर्ण वेश होता. त्याच्या हूडची शेपटी सुमारे ९० सेंमी लांब आहे. लंडनला थेम्सकाठच्या भरावात बटणे, काजे, जोडे आणि बकला ढिगाने निघाल्या. फ्रान्समध्ये ल्यों इथल्या कापड संग्रहालयात शार्ल द ब्लुआचा म्हणून ओळखला जाणारा तंग कोट आहे. हा सरदार १३६४ मध्ये पडला.

चिलखतासाठी गॉटलंड बेटावरचे विस्बी. १३६१ च्या लढाईतले मृत तिथे चिलखतांसकट सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले, त्यामुळे कोट ऑफ प्लेट्सचे (कापडाच्या किंवा चामड्याच्या आत पत्रे ठोकून बसवलेल्या कोटाचे) इतके नमुने दुसरीकडे कुठेच नाहीत. दक्षिण टिरोलमधल्या चुरबुर्ग किल्ल्याचे शस्त्रागार, लंडनचे वॉलेस कलेक्शन आणि लीड्सचे रॉयल आर्मरीज हेही पाहण्यासारखे.

चर्चमधल्या थडग्यांवरच्या मूर्ती उत्तम, पण त्या पाठ दाखवत नाहीत. हस्तलिखितांतली चित्रे जपून वाचावीत. हजारो कड्या काढण्याऐवजी चित्रकार अर्धगोल रेघा ओढून मोकळा होई, आणि त्या रेघांवरून पुढच्या अभ्यासकांनी चिलखताचे नवनवे प्रकार शोधून काढले, जे कधी नव्हतेच.

कापड कोणते घ्यावे? सुती चालेल का?

अंगालगत लिनन, त्यावर लोकर, हा पाया. रेशीम श्रीमंतांचे. कापूस होता, पण मुख्यतः भरण म्हणून आणि लिननसोबत विणलेल्या फस्टियनमध्ये. सुती सदरा घामाने भिजून अंगाला चिकटतो. लिनन घाम शोषून लवकर सुकते, त्यामुळे इथे अस्सलपणा आणि सोय एकाच बाजूला आहेत.

सदऱ्याला १५० ते १७० ग्रॅम प्रति चौ. मी. वजनाचे लिनन घ्या. झग्याला ३०० ते ४०० ग्रॅमची, थोडी मिलवून घट्ट केलेली लोकर घ्या. तिची कापलेली कड सुटत नाही. लिनन कापण्याआधी ६० अंशांच्या पाण्यात धुऊन घ्या, ते ५ ते १० टक्के आटते. न धुता शिवलेला सदरा पहिल्या धुण्यातच मनगटाच्या वर चढतो.

‘शंभर टक्के लोकर’ या चिठ्ठीवर विसंबू नका. चार धागे काढून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वासते, ज्योत काढताच विझते आणि राख बोटांनी चुरडता येते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. ज्याला शेकोटीजवळ बसायचे आहे त्याच्यासाठी ही परीक्षा फक्त अस्सलपणाची नाही, वितळलेले कापड कातडीला चिकटते.

शिवणयंत्र वापरले तर?

आतल्या, कधीच न दिसणाऱ्या लांब शिवणी यंत्रावर मारल्या तर कोणाचे काही बिघडत नाही. गळा, मनगट, घेर, काजे आणि दिसणारी प्रत्येक कड हाताने करा. मेण लावलेला लिननचा दोरा, धावदोऱ्याला ३ ते ४ मिमीचा टाका, ताण येणाऱ्या जागी उलटी टीप आणि कडा दुमडून तुरपाई. ओव्हरलॉक (यंत्राने कड गुंडाळणारी शिवण) हा एकच शब्द विसरून जा.

सदरा आणि ब्रे कसे बेतायचे?

सदऱ्यात गोलाई जवळजवळ नसते, सगळे आयत आणि त्रिकोण. खांद्यावर न कापता दुमडलेला एक लांब पट्टा म्हणजे पाठ-पोट. त्याला छातीच्या घेराहून २० सेंमी सैल ठेवा. दोन बाह्या मनगटाकडे निमुळत्या. काखेत १२ ते १५ सेंमीचा चौकोन, आणि दोन्ही बगलांना किंवा पुढे-मागे कळ्या. अडीच मीटर कापड पुरते. काखेतला चौकोन आळसाने गाळला तर हात वर केला की पूर्ण सदरा वर ओढला जातो, आणि आठवड्यात तिथेच फाटतो.

ब्रे १३व्या शतकात गुडघ्यापर्यंत, ढगळ असते आणि १४व्या शतकात आखूड होत जाते. कमरेला रुंद नेफा करा आणि नाडी मधूनमधून बाहेर डोकावेल अशी भोके ठेवा, कारण होज त्याच नाडीला बांधायचे आहेत.

माझे होज गुडघ्यात गोळा होतात आणि खाली सरकतात. काय चुकले?

कापड उभ्या धाग्यावर कापले. होज उरेबच कापावे लागते, म्हणजे ४५ अंशांत. न विणलेल्या, कापून शिवलेल्या मोज्याला ताण येतो तो फक्त तिथूनच. शिवण मागून, पोटरीच्या मध्यातून.

माप घेताना खरी अडचण घोट्याला येते. तिथे ते तंग हवे, पण पाय आत जाताना टाच आणि पावलाचा वरचा उंचवटा मिळून जो घेर होतो तो त्यातून गेला पाहिजे. म्हणून आधी जुन्या चादरीचा नमुना उरेब कापून पायावरच टाचण्या लावून बेता, गुडघा वाकवून पाहा, मग लोकरीला कात्री लावा. वरचे टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला उंच आणि आत उतरते ठेवा. दोन पायांना सव्वा ते दीड मीटर लोकर लागते आणि बरीच वाया जाते. त्या तुकड्यांतून बटणे होतात.

बटणे आणि काजे इतकी लक्षात का घेतात लोक?

कारण चूक तिथेच पकडली जाते. १४व्या शतकातली बटणे कोटाच्या अगदी कडेवर बसतात, आजच्या शर्टासारखी आत नाही. सुमारे ३ सेंमी व्यासाचे वर्तुळ कापा, कडेने धावदोरा घालून आवळा, मोकळ्या कडा सुईने आत ढकला आणि घट्ट शिवून टाका. साधारण १ सेंमीचा टणक गोळा तयार होतो. त्याच दोऱ्याची छोटी दांडी करून तो कडेवर बसवा. दोन बटणांत २ ते अडीच सेंमी अंतर. काजाच्या मागे रेशमाची किंवा पातळ लिननची पट्टी लावली नाही तर लोकर ताणून काज तोंड वासते.

नाडी ओवायच्या भोकांनाही हेच लागू. अरीने धागे बाजूला सारून भोक करा, धागे कापू नका, आणि भोवती दोऱ्याने गुंफून घ्या. धातूच्या रिंगा बसवलेली भोके १९व्या शतकातली.

स्त्रियांचा पोशाख वेगळा कसा?

तत्त्व तेच: लिननचा लांब सदरा, त्यावर लोकरीचा झगा, होज मात्र गुडघ्यापर्यंत आणि पट्टीने बांधलेले. १४व्या शतकाच्या मध्यापासून झगा धडाला इतका नेमका बेततात की वेगळा आधार लागत नाही. त्यासाठी तो अंगावरच टाचण्या लावून, दुसऱ्या कोणाच्या तरी मदतीने बेतावा लागतो. नाडी एकाच दोरीने नागमोडी ओवतात, बुटाच्या लेससारखी फुली मारून नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंची भोके एकमेकांसमोर न ठेवता अर्ध्या अंतराने सरकवावी लागतात. ऑस्ट्रियातल्या लेंगबर्ग किल्ल्यात २००८ साली १५व्या शतकातली, वाट्या असलेली लिननची अंतर्वस्त्रे सापडली आहेत. तेव्हा तो काळ दाखवणाऱ्यांना आणखी एक पर्याय आहे. डोके उघडे ठेवू नका. विवाहित स्त्रीचे मोकळे केस ही झग्यापेक्षा मोठी चूक ठरते.

रंग कोणते चालतात? सगळे मातकटच हवे का?

मुळीच नाही. मॅडर, वेल्ड आणि वोड या रंग देणाऱ्या वनस्पती. मॅडरचा लाल, वेल्डचा पिवळा, वोडचा निळा आणि वेल्डवर वोड चढवून हिरवा. हे रंग चांगलेच भडक असतात. खेडूतही रंगीत कपडे घालत. दाट काळा आणि किरमिजी रंग मात्र महाग.

स्वतः रंगवायचे तर १०० ग्रॅम लोकरीला १२ ते १५ ग्रॅम तुरटी. ती पाण्यात विरघळवून लोकर तासभर ८० ते ८५ अंशांवर ठेवा. मग ५० ग्रॅम मॅडर मुळांच्या पाण्यात तासभर, पण ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. वर गेले की लालाचा विटकरी-तपकिरी होतो. लोखंडी भांडे रंग मळवते. गरम लोकर एकदम गार पाण्यात घातली तर ती नमद्यासारखी आटून बसते. लिनन असल्या रंगांना फारशी दाद देत नाही, ते पांढरेच ठेवा.

जोडे विकतचे चालतील का?

लांब झग्याखाली साधे चामडी जोडे एखाद वेळ खपतात. खरा जोडा उलटा शिवून मग सुलटा केलेला असतो. वनस्पतीने कमावलेले चामडे घ्या, वरचे २ मिमी, तळ ४ मिमी. मेणाचा लिनन दोरा दोन सुयांनी, ५ ते ६ मिमीचा टाका. तळाच्या चामड्यात टाका कडेतून शिरून आतल्या बाजूने निघतो, आरपार जात नाही, नाहीतर तो जमिनीवर घासून चार दिवसांत तुटतो. उलटण्याआधी जोडा कोमट पाण्यात भिजवा. टाच नसलेला हा तळ ओल्या गवतावर साबणासारखा घसरतो. लढण्याआधी त्यात चालायची सवय करा, विशेषतः उतारावर.

गॅम्बेसन (टाचलेला जाड अंगरखा) किती जाड हवे आणि कशाने भरावे?

ते एकटेच चिलखत म्हणून घालणार की कड्यांच्या खाली, हे आधी ठरवा. एकटे घालायचे ते खरोखर जाड असते. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळच्या नियमात जॅकसाठी (असाच थरांचा जाड कोट) कापडाचे ३०, निदान २५ थर आणि वर हरणाचे कातडे सांगितले आहे, शिवाय कापड वापरून मऊ झालेले असावे असेही. कड्यांखालचे याच्या निम्म्याहून पातळ असते. त्याचे ‘ॲकेटन’ हे नाव अरबी ‘अल्-कुत्न’ म्हणजे कापूस यावरून आले आहे, तेव्हा कापसाचे भरण त्याच्या नावातच आहे.

बाहेरून ३०० ग्रॅमचे दणकट लिनन, आत सरकीविरहित कापूस, लोकर किंवा जुन्या लिननचे थर. उभ्या ओळी ४ ते ५ सेंमीवर टाचा. पॉलिएस्टरचे भरण वापरू नका. ते हवा अडवते आणि माणूस आत शिजतो.

मापाचा हिशेब इथेच चुकतो. जाडी १ सेंमी वाढली की घेर सुमारे ६ सेंमी वाढतो. दीड सेंमी जाडीच्या अंगरख्याला छातीच्या मापावर साडेनऊ सेंमी नुसते जाडीसाठी आणि वर हालचालीसाठी वेगळे. त्यातच टाचताना कापड ५ ते १० टक्के आखडते. म्हणून आधी मोठे तुकडे टाचा, मग नमुना ठेवून कापा. बाही खांद्याच्या टोकाला लावू नका. शार्ल द ब्लुआच्या कोटासारखा बाहीचा घेर छातीत आणि पाठीत खोल घ्या. दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहा, खालची कड तळहाताएवढीही वर चढता कामा नये.

धुलाई यंत्रात कधीही नाही, कापसाचे गोळे होतात. वापरल्यावर उलटे करून वाऱ्यावर टांगा आणि पातळ अल्कोहोल फवारा.

पत्र्याच्या चिलखताखालीही तेच घालायचे ना?

नाही, आणि ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जाड अंगरख्यावर मापे घेऊन पत्रे केले की माणूस पिंपासारखा दिसतो, कोपर मिटत नाही. पूर्ण पत्र्याखाली पातळ, तंग बंडी असते. १५व्या शतकाच्या मध्यातले एक इंग्रजी टिपण पायी लढणाऱ्याला कसे सजवावे ते सांगते: सदरा घालू नये, साटिनचे अस्तर लावलेली, भोकाभोकांची फस्टियनची बंडी असावी, काखेत आणि कोपराच्या वळणात कड्यांचे तुकडे शिवावेत, गुडघ्यांभोवती पातळ घोंगडीच्या पट्ट्या, पायांचे पत्रे घासू नयेत म्हणून. बांधायचे बंद आडव्या धनुष्याच्या दोरीसारख्या बारीक सुताचे, चांभाराच्या मेणाने माखलेले. असे बंद ना ताणतात ना तुटतात. यात आजही काही बदल करावा लागत नाही.

ही बंडी कमरेत घट्टच हवी. वजन कमरेच्या हाडांवर बसले पाहिजे. सैल बंडी ते खांद्यांवर टाकते आणि तासाभरात मुंग्या येतात.

कड्या: नुसत्या जोडलेल्या चालतात का?

रंगमंचावर चालतात. टोके नुसती भिडवलेली कडी भाल्याच्या किंवा तलवारीच्या टोकाने उघडते आणि अंगरख्याच्या वजनानेही हळूहळू सुटते. जिथे बसाल तिथे जमिनीवर कड्यांचा सडा पडतो. ती टिकवायला तार जाड घ्यावी लागते, म्हणून असे चिलखत रिव्हेट केलेल्याहून (टोके बारीक खिळ्याने ठोकून पक्की केलेल्याहून) जडही होते. अस्सल युरोपीय कड्या रिव्हेट केलेल्याच. आधीच्या शतकांत एक ओळ अखंड कड्यांची आणि एक रिव्हेटची, १४व्या शतकाच्या पुढे बहुधा सगळ्याच रिव्हेटच्या. अंगरख्याला २५ ते ३० हजार कड्या लागतात आणि वजन ८ ते ११ किलो भरते.

स्वतः रिव्हेट करायच्या असतील तर?

मिनिटाला एक कडी जमली तरी २५,००० कड्यांना चारशेहून अधिक तास जातात. म्हणून पहिल्यांदा फक्त बॅसिनेटची झालर किंवा काखेचे तुकडे करावेत.

तार १.२ मिमी, साधी लोखंडी, जस्त न चढवलेली. जस्ताची तार तापवली की निघणारा धूर थंडीतापाने पाडतो. आतला व्यास ८ मिमी हवा असेल तर तार ८ मिमी सळईवर गुंडाळू नका. टोके एकमेकांवर ४ मिमी सरकवल्यावर व्यास सव्वा मिलिमीटरने घटतो, तेव्हा सळई ९ ते साडेनऊ मिमीची लागते. वेटोळे कापा, टोके एकमेकांवर चढवा, मग कड्या लाल होईपर्यंत तापवून राखेत सावकाश निवू द्या. चढलेला भाग ऐरणीवर चपटा करा, अणकुचीदार पंचाने भोक पाडा, कडी विणीत घाला, रिव्हेट बसवा आणि खळगा कोरलेल्या पकडीने दाबा.

चपटा करताना तडे गेले तर कडी पुरेशी नरम झाली नव्हती. भोकाच्या बाजूने फाटली तर पंच जाड आहे किंवा भोक मध्यावर नाही. रिव्हेट वाकला तर तो लांब आहे. वीण एकास चार, म्हणजे प्रत्येक कडीत चार कड्या. अखंड कड्या मध्ये घातल्या तर रिव्हेटचे काम निम्मे होते.

विणलेला तुकडा अंगावर लोंबतो, चिकटत नाही.

तो ९० अंश फिरलाय. ओळी अंगाभोवती आडव्या जायला हव्यात. तेव्हा वीण आपल्या वजनाने बाजूंनी मिटून अंगाला बसते आणि श्वास घेताना उघडते. बाह्या जोडताना ही दिशा हमखास चुकते. शिवाय कमरेवर पट्टा आवळून थोडी वीण त्यावर ओढून घ्या. खांद्यांवरचे तीन-चार किलो तिथेच उतरतात.

पत्रा किती जाड घ्यावा?

साध्या पोलादात शिरस्त्राणाला २ मिमी, हातापायांना १.५, कोट ऑफ प्लेट्सला १.२. पाणी दिलेल्या स्प्रिंग पोलादात हातापायांना १ मिमी आणि शिरस्त्राणाला १.५ मिमी पुरते, मात्र ते पाणी भट्टीचे तापमान मोजता येणाऱ्याकडूनच द्यावे. हिशेबाला सोपे: १ चौ. मी. पत्रा दर मिलिमीटरला ७.८५ किलो भरतो. जुने पत्रे एकसारख्या जाडीचे नव्हते. कारागीर कपाळावर, माथ्यावर जाड ठेवून कडा पातळ करत. आज खळग्यात ठोकून टोप केला तर नेमके उलटे घडते: माथा ताणून पातळ होतो. लढायचा टोप म्हणून खुंटीवर बाहेरून ठोकून उचललेला घ्यावा.

स्टेनलेसला गंज नाही, पण त्याची चमक निळसर आणि थंड असते. दहा पावलांवरूनही ती वेगळी ओळखू येते.

पहिल्यांदा घरी करण्याजोगे पत्र्याचे काम कोणते?

कोट ऑफ प्लेट्स. खोल गोलाई नाही, भट्टी नाही. आधी जाड पुठ्ठ्याचे पत्रे कापा आणि चिकटपट्टीने अंगावर जोडून वाका, बसा, हात पुढे घ्या. पुठ्ठा टोचेल तिथे लोखंड सोलून काढेल. पत्रे एकमेकांवर २ सेंमी चढू द्या. प्रत्येक कड कानसून गोल करा. भोके पाडून कापडाच्या किंवा चामड्याच्या आतून रिव्हेट मारा. रिव्हेटची डोकी बाहेर दिसतात, पत्रे दिसत नाहीत. याच डोक्यांची चित्रे पाहून ‘खिळे ठोकलेले चामडी चिलखत’ ही कल्पना निघाली असावी.

कमरेची ओळ बरगड्या संपतात तिथे ठेवा, आजच्या पँटच्या कमरेवर नाही. खाली गेली तर वाकताच छातीचा पत्रा गळ्यात घुसतो.

गुडघ्याचे पत्रे अडकतात किंवा खुळखुळतात.

रिव्हेट जास्त ठोकले की अडकतात, कमी ठोकले की खुळखुळतात. ठोकताना दोन पत्र्यांत पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवा आणि नंतर तो ओढून किंवा जाळून काढा. तेवढीच फट बरोबर असते. तरीही अडकत असेल तर दोन्ही बाजूंच्या आसाची भोके एका सरळ रेषेत नाहीत. एका बाजूचे भोक आधी पाडा, पत्रे पूर्ण मिटवून आणि उघडून पाहा, मग दुसरे पाडा. बांधताना मांडीचा पत्रा वरून बंडीला टांगलेला हवा. नुसत्या मागच्या पट्ट्यांवर विसंबलात तर तो घोट्याकडे निघतो.

शिरस्त्राणाचे माप?

जाड टोपी घालून डोक्याचा घेर मोजा आणि वर ४ ते ५ सेंमी मोकळे ठेवा. माथ्यापाशी २ सेंमी हवेची जागा हवीच. अस्तराच्या चार पाकळ्या करून वर नाडीने आवळतात, तो झोळणा डोके अधांतरी धरतो. फोम चिकटवून भरलेला टोप पहिला फटका थेट मानेला देतो. हनुवटीचा पट्टा बांधून जोरात मान हलवा. टोप डोक्याच्या मागून आला तर अस्तर सैल आहे. झालर धरून बॅसिनेट ४ ते ६ किलोचे होते, आणि तिचे वजन खांद्यांवर बसले पाहिजे, टोपावर नाही.

उकळलेले चामडे घरी करता येते?

येते, फक्त ‘उकळलेले’ हा शब्द फसवा आहे. वनस्पतीने कमावलेले ४ ते ५ मिमीचे चामडे १५ टक्के मोठे कापा, गार पाण्यात पूर्ण भिजवा, मग ८० अंशांच्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट. ते आकसून जाड व्हायला लागताच काढून साच्यावर बांधा, दिवसभर सुकू द्या. खळखळत्या पाण्यात टाकलेत तर बिस्किटासारखे ठिसूळ होते. क्रोमने कमावलेले चामडे कडक होतच नाही. आधी तुकड्यावर वेळ मोजून पाहा, प्रत्येक कातडे वेगळे वागते.

कोणत्या क्रमाने चढवायचे?

पायापासून डोक्याकडे: जोडे, नडग्या, मांड्या, कड्यांची चड्डी किंवा अंगरखा, धड, हात, टोप, हातमोजे शेवटी. हातमोजे आधी घातलेत तर पुढचे एकही बक्कल लावता येत नाही. पूर्ण साज २० ते ३० किलो. नीट बांधलेल्या साजात धावता येते, पडून उठता येते. उठता येत नसेल तर दोष वजनाचा नसून कमरेच्या मापाचा आहे.

उन्हात काय सांभाळावे?

थांबलात की पहिले टोप आणि हातमोजे काढा, अंगातली उष्णता तिथून भरभर निघते. पाण्यात थोडे मीठ. घाम येणे बंद झाले, उन्हात हुडहुडी भरली किंवा बोलणे अडखळले की तो उष्माघात समजा. तेव्हा बकला सोडत बसू नका. सोबत्याजवळ मजबूत कात्री असावी आणि त्याने बंद सरळ कापावेत. अंग ओले करून वारा घाला आणि वैद्यकीय मदत बोलवा.

गंज?

घामाचे मीठ रात्रीत डाग पाडते. त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा, मग तेलाचा हलका हात, लांब ठेवणीला मेण. कड्या मात्र झाकणाच्या बादलीत कोरडी वाळू आणि चमचाभर तेल घालून घोळवा. मध्ययुगातही पिंपात वाळू घालून कड्या अशाच लोळवत. पत्र्याची आतली बाजू जवसाच्या तेलाने माखून तापवली की काळा टिकाऊ लेप बसतो. ते तेल पुसलेली फडकी चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून सुकवा.

आणि या सगळ्यात लघवीला कसे जायचे?

१४व्या शतकातल्या वेगळ्या पायांच्या होजमध्ये अडचण नाही. ब्रे बाजूला करता येते, कड्यांची कड वर धरायला मात्र एक हात गुंतलेला असतो. जोडलेल्या होजला पुढे बांधायचा फडका असतो. त्याचे दोन बंद सहज सुटतील अशा फासाने बांधा. बसायची वेळ आली तर बंडीचे मागचे सगळे बंद सोडावे लागतात आणि ते आपल्या हाताने पुन्हा बांधता येत नाहीत, सोबती लागतो. म्हणून पायांचे पत्रे चढवण्याच्या आधी एकदा जाऊन या.